पेन्शनचं कार्ड कपाटात ठेवा, बालीला दुसरं न्या

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देते.

"नमस्कार. मी ५८ वर्षांची. मिस्टर गेल्या वर्षी शाळेतून रिटायर झाले. लेक-जावई आम्हाला पुढच्या महिन्यात आठ दिवस बालीला नेतायत, आयुष्यात पहिल्यांदाच परदेश. आमच्या भिशीतल्या एकीच्या दिरांचं कार्ड बँकॉकला क्लोन झालं आणि घरी आल्यावर महिन्याभराने खात्यातून साठ हजार गेले. हे ऐकल्यापासून मिस्टर म्हणतात कार्ड न्यायचंच नाही, सगळी रोख कमरेला बांधून न्यायची. जावई म्हणतात एवढी रोख नेणं धोक्याचं. आमच्याकडे एकच डेबिट कार्ड आहे, पेन्शनच्या खात्याचं, ग्रॅच्युइटीचे पैसेही त्यातच पडलेत. कार्ड चोरीपासून वाचवणारं एक नऊशे रुपयांचं पाकीट ऑनलाइन दिसलं, मागवू का? आणि क्लोन म्हणजे नक्की करतात तरी काय?"

ताई, पाकिटाचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून टाकलंय ना, ग्रॅच्युइटीचे पैसेही त्यातच पडलेत, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी बँकेत सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कार्डांच्या तक्रारींच्या टेबलावर, आणि तिथे समोर बसून रडलेली जी माणसं आजही आठवतात त्यातल्या बहुतेकांचं हेच झालेलं, एकच खातं, त्यातच सगळं, आणि त्याचंच कार्ड खिशात घेऊन हिंडायचं. कार्डाची कॉपी होऊच नये म्हणून तुम्ही कितीही जपलंत तरी शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही, कारण मशीन दुसऱ्याचं, दुकान दुसऱ्याचं, देश दुसऱ्याचा. पण कॉपी झाली तरी चोराच्या हाताला काय लागेल हे मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि ते घरी बसून, निघायच्या आधी करायचं काम आहे.

म्हणून पहिलं काम, पेन्शन खात्याचं कार्ड सांगलीतच कपाटात ठेवायचं. बालीला न्यायला वेगळं बचत खातं उघडा, त्याच बँकेत चालेल किंवा दुसऱ्या, त्याचं डेबिट कार्ड घ्या आणि त्यात फक्त ट्रिपपुरते पैसे टाका, समजा तीस-चाळीस हजार, कमी पडले तर मोबाइलवरून पेन्शनच्या खात्यातून इकडे वळवता येतात, लेक आहेच सोबत. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी जाईल ते तेवढंच, ग्रॅच्युइटीला धक्का नाही. ते पैसे तसेही बचत खात्यात ठेवू नका, एफडी करा. पण इथे एक गोष्ट बँकेत नीट विचारा, तुमच्या खात्याला ऑटो स्वीप लावलाय का? म्हणजे खात्यात जास्त पैसे झाले की आपोआप एफडी होते आणि खात्यातले संपले की आपोआप मोडते ती सोय. लोकांना वाटतं पैसे एफडीत आहेत म्हणजे सेफ आहेत, आणि एटीएमवर कुणी पैसे काढायला लागलं की ती एफडी तुकड्या-तुकड्याने मोडत जाते आणि मेसेज बघेपर्यंत पन्नास हजार गेलेले असतात. मी हे स्वतः स्टेटमेंटवर बघितलंय. एफडी करायची तर साधी, कार्डाच्या खात्याला न जोडलेली.

आता क्लोन म्हणजे काय ते सांगते. कार्डाच्या मागे काळी पट्टी असते ना, तिच्यात कार्ड नंबर, मुदत आणि एक गुप्त आकडा भरलेला असतो (मागे सहीजवळ छापलेला सीव्हीव्ही वेगळा आणि हा वेगळा), आणि तो कधीच बदलत नाही. आज स्वाइप करा, सहा महिन्यांनी करा, पट्टी तेच बोलते. त्यामुळे साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेऊन दुसरी किल्ली करतात तसं या पट्टीचं आहे, एकदा वाचली की कोऱ्या प्लॅस्टिकवर तशीच्या तशी उतरवता येते, आणि मशीनला खरं-खोटं कळत नाही. चोर काय करतात, एटीएमच्या ज्या फटीत कार्ड घालतो तिच्यावर हुबेहूब तशीच दुसरी फट चिकटवतात, आत पट्टी वाचणारं यंत्र, याला स्किमर म्हणतात. तुमचं कार्ड आत जातं, पैसे येतात, स्लिप येते, सगळं नेहमीसारखं, आणि जाता जाता पट्टी वाचून झालेली असते. पण नुसत्या पट्टीवर एटीएममधून पैसे निघत नाहीत, पिन लागतो, म्हणून आकड्यांच्या बटणांच्या वर कुठेतरी बारीक कॅमेरा लावलेला असतो, किंवा बटणांवरच दुसरी बटणांची पाटी बसवलेली असते.

सोनेरी चिप असते तिचं तसं नाही. चिप प्रत्येक व्यवहाराला नवीन कोड तयार करते, ओटीपीसारखंच, एकदा वापरला की संपला. त्यामुळे चिपमधून जाणारी माहिती चोरली तरी तिची चालणारी चिप बनवता येत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची जुनी कार्डं ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची द्यायला लावली, तुमचंही चिपचंच असणार. मग प्रश्न येतो की चिप एवढी पक्की तर अजून क्लोन होतंच कसं, तर पट्टी अजून कार्डावर आहे म्हणून. जगात काही ठिकाणी जुनी मशीनं आहेत जी पट्टीवर चालतात, त्यांच्यासाठी ती ठेवलीय. मास्टरकार्डने २०२१ मध्ये जाहीर केलं की २०३३ पर्यंत त्यांच्या एकाही कार्डावर पट्टी राहणार नाही, म्हणजे अजून काही वर्षं तिला सांभाळून राहायला लागणार.

आणि तुमच्या भिशीतल्या ताईंच्या दिरांचे पैसे घरी आल्यावर महिन्याभराने का गेले, तेही यातच आहे. कॉपी करणारा वेगळा, पैसे काढणारा वेगळा. चोरलेले आकडे आणि पिन पुढे विकले जातात आणि जिथे पट्टीवर पैसे निघतात तिथल्या एटीएमवर कुणीतरी तिसराच जाऊन काढतो. २०१६ मध्ये आपल्याकडची जवळपास ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली होती, मालक इथे घरात आणि पैसे काढले जात होते चीन-अमेरिकेत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं तर सगळ्यांना आठवत असेल, ११ ऑगस्ट २०१८, एका दिवसात २८ देशांतल्या एटीएममधून ७८ कोटींच्या आसपास काढले, क्लोन केलेल्या कार्डांवर. तिथे आकडे एटीएमच्या फटीतून गेले नव्हते, बँकेची यंत्रणाच हॅक झाली होती आणि नुकसान बँकेचं झालं, पण एकाच दिवशी २८ देशांत हातात खोटी कार्डं घेऊन उभी राहायला माणसं तयार असतात हे त्यातून दिसलं. त्यामुळे ट्रिपहून परत आलो, सुटलो, असं इथे नसतं.

बालीबद्दल सांगते कारण तिथे हा प्रकार बराच झालाय, स्किमर बसवणाऱ्या परदेशी टोळ्या तिथल्या पोलिसांनी अनेकदा पकडल्यात. कुटा, उबुद, सेमिन्याक या भागात रस्त्याच्या कडेला, छोट्या दुकानांच्या बाहेर काचेच्या केबिनमध्ये एटीएम उभी असतात, ना वॉचमन ना कुणी, रात्रभर उघडी. तिथे जाऊ नका. बँकेच्या शाखेच्या आतलं एटीएम शोधा, बीसीए, मंदिरी, बीएनआय या तिथल्या मोठ्या बँका, आणि शाखा उघडी असताना दिवसा जा, कार्ड अडकलं तरी आत जाऊन सांगता येतं. शाखा नाहीच मिळाली तर मोठ्या मॉलच्या आतलं. मशीनवर स्टिकर असतो ५०,००० किंवा १,००,०००, म्हणजे त्यातून कुठली नोट येते ते. एक लाखाची नोट देणारं मशीन बघा, त्यातून बहुतेक एका वेळी २५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) निघतात, ऐकायला धक्का बसतो पण आपले तेरा हजारांच्या आसपास, पन्नास हजारवाल्यातून त्याच्या निम्मे. दोनदा-तीनदा छोटे काढण्यापेक्षा एकदाच काढलेलं बरं, जितक्या कमी वेळा कार्ड फटीत जाईल तितकं चांगलं, आणि प्रत्येक वेळी बँक चार्ज लावते तो पण वाचतो.

मशीनसमोर उभं राहिलं की आधी ती फट हाताने धरून हलवून बघा, अगदी जोरात, लाजू नका, मूळचा भाग हलत नाही आणि चिकटवलेला हलतो किंवा निघून हातात येतो. बटणं फुगीर, जास्त वर आलेली किंवा दाबल्यावर मऊ लागली तर निघून या. मग पिन टाकताना दुसरा हात पूर्ण आडवा धरायचा, छत्री धरावी तसा, वरून आणि बाजूनेही काही दिसता कामा नये. आजूबाजूला कुणी नसलं तरीही, कारण कॅमेऱ्याला माणूस लागत नाही. मला एकच गोष्ट सांगायची असती तर मी हीच सांगितली असती, हात आडवा धरा. फटीत खोल बसवलेले स्किमर बाहेरून दिसतच नाहीत, मला नऊ वर्षांनंतरही दिसणार नाहीत, पण पिन मिळाला नाही तर त्या चोराला एटीएमवर काही करता येत नाही. मिस्टरांकडून घरी आठ दिवस प्रॅक्टिस करून घ्या, कारण पुरुष मंडळींना हात आडवा धरायला का कोण जाणे संकोच वाटतो. आणि तिथल्या बऱ्याच मशीनमधून आधी पैसे येतात आणि कार्ड मागून, पैसे मोजत निघून गेलं की कार्ड तिथेच, तेव्हा कार्ड हातात आल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

दुकानात, हॉटेलात कार्ड नजरेआड जाऊ द्यायचं नाही, मशीन टेबलावर आणायला सांगा नाहीतर उठून काउंटरवर जा. वेटर कार्ड घेऊन आत जातो आणि हाताच्या पंजात मावणाऱ्या यंत्रातून एकदा फिरवतो, दोन सेकंदांचं काम असतं. दुकानदार पट्टी स्वाइप करायला लागला तर चिप घाला म्हणायचं, नाही म्हणाला तर रोख द्यायची. मशीनवर चार आडव्या कमानींची खूण असेल तर कार्ड नुसतं टेकवून पैसे द्या, लोक याला उगाच घाबरतात, टेकवण्यात पट्टी कुठे जातच नाही आणि कोडही दरवेळी नवा असतो. मशीनने रुपयांत घेऊ की रुपियात असं विचारलं तर तिथल्याच चलनात म्हणा, रुपयांत घेतलं की दर वाईट लावतात, याचा क्लोनशी संबंध नाही पण ओघात आलं म्हणून सांगितलं. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या वाचकांसाठी पण इथेच सांगते, तिथे रेस्टॉरंटमध्ये कार्ड आत घेऊन जाण्याची पद्धतच आहे आणि पेट्रोल पंपावरच्या मशीनमध्ये स्किमर बसवायचे प्रकार खूप होतात, तेव्हा पंपावर आत काउंटरला जाऊन पैसे द्यावेत.

आता मोबाइलमधलं काम, हे लेकीला करायला सांगा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड परदेशासाठी मुळात बंदच येतं, आपण चालू करायचं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या पानावर परदेशातलं एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप (म्हणजे कार्ड टेकवणं) अशी वेगवेगळी बटणं असतात. तुम्ही परदेशी एटीएम, दुकान आणि टॅप एवढंच चालू करा, परदेशी ऑनलाइन बंदच ठेवा, कारण बाहेरच्या बऱ्याच वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत, नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे मिळाले की व्यवहार झाला. एटीएमचं रोजचं लिमिट पंधरा हजारावर आणून ठेवा. जमलं तर एटीएमच्या दारात उभं राहून बटण चालू करायचं, पैसे काढायचे आणि लगेच बंद करायचं. मला सुरुवातीला हे जरा अतीच वाटायचं, पण आता मी स्वतः असंच करते, वीस सेकंद लागतात.

मेसेज मात्र आले पाहिजेत. तिकडे गेल्यावर जावई स्वस्त पडतं म्हणून तिथलं सिम घेतील आणि तुमचं इथलं सिम काढून पाकिटात ठेवतील, तसं करू देऊ नका, बँकेत नोंदवलेला नंबर रोमिंगवर चालू राहायलाच हवा, तुम्हाला फोन करायचा नसला तरी. नाहीतर चोर पैसे काढतोय आणि मेसेज बंद सिमकडे जातायत. ईमेलवरचे अलर्टही चालू करा. बँकेचा १८०० चा नंबर परदेशातून बहुतेक वेळा लागत नाही, हे लोकांना ऐन वेळी कळतं, म्हणून +९१ ने सुरू होणारा परदेशातून करायचा नंबर बँकेच्या साइटवरून शोधून कागदावर लिहा, एक चिठ्ठी तुमच्या पर्समध्ये आणि एक मिस्टरांच्या खिशात. पिन मात्र कुठेच लिहायचा नाही.

मिस्टरांच्या रोखीचं. ते पूर्ण चुकीचं बोलत नाहीयेत, थोडी रोख हवीच, काहीशे डॉलर इथूनच अधिकृत मनी चेंजरकडून पावतीसह घ्या. पण सगळी रोख कमरेला नको, क्लोन झालेल्या कार्डाचे पैसे परत मिळायला नियम आहे, हरवलेल्या रोखीला काही नाही. तिकडे डॉलर बदलतानाही बँकेत किंवा नीट ऑफिस असलेल्या ठिकाणीच बदला, कोपऱ्यावरच्या दुकानात दर चांगला लिहितात आणि मोजताना हातचलाखी करून नोटा खाली सरकवतात. वेगळं खातं उघडायचा कंटाळा असेल तर फॉरेक्स कार्डही (आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड) चालेल, त्याचा बचत खात्याशी संबंध नसतो, पण बहुतेक कार्डांवर रुपिया मिळत नाही, डॉलर भरायचे आणि तिथे पुन्हा बदलीचा चार्ज, आठ दिवसांसाठी मला ते तितकंसं पटत नाही.

आणि एवढं करूनही मेसेज आलाच, की तुम्ही न काढलेले पैसे गेलेत, तर त्याच मिनिटाला अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करायचं आणि त्याच दिवशी, तिथूनच, बँकेत तक्रार नोंदवायची, फोनवर आणि ईमेलवरही, आणि तक्रारीचा नंबर घ्यायचा. हे मी इतकं दामटून सांगतेय कारण एक आजोबा आठवतात, सिंगापूर-मलेशियाच्या ग्रुप टूरवर होते, तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आणि ट्रिपचा मूड नको घालवायला, घरी गेल्यावर बघू म्हणून ते बाराव्या दिवशी माझ्यासमोर आले. पैसे कुणाच्या चुकीने गेले यात वादच नव्हता, त्यांची काही चूक नव्हती, पण दिवस उलटले होते आणि माझ्या हातात फार काही उरलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी केलंय, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या कामाच्या दिवसात कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंत तुमच्या अंगावर येऊ शकतात. सात दिवसांच्या पुढे गेलं की बँक स्वतःच्या धोरणाप्रमाणे ठरवणार. वेळेत कळवलं तर दहा कामाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असं बँकेला बंधन आहे, आणि चूक तुमची होती हे बँकेने सिद्ध करायचंय, तुम्ही नाही. पिन कुणाला सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. काउंटरवरचा माणूस हे सगळं आपणहून सांगेलच असं नाही, कामाच्या गडबडीत आमच्याकडूनही कधी कधी सांगायचं राहून जायचं, आज त्याचं वाईट वाटतं.

सांगलीत परत आल्यावर असं झालं तर ब्लॉक करून, मूळ कार्ड आणि पासपोर्ट घेऊन शाखेत जा, लेखी अर्ज द्या, आणि कार्ड ग्राहकाने समक्ष दाखवलं असा शेरा तारीख-शिक्क्यासह अर्जाच्या कॉपीवर घ्या. कार्ड तुमच्या हातात सांगलीत होतं आणि पैसे दुसऱ्या देशात निघाले, याला त्याहून चांगला पुरावा नाही. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास म्हणूनच दोन-तीन महिने जपून ठेवायचे. १९३० ला फोन करून सायबर तक्रारही नोंदवा. आणि बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटेल असं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

पाकीट नका घेऊ. ते टॅपच्या लहरी अडवतं, आणि त्या लहरींमधून कुणी खिशाजवळ यंत्र आणून नंबर वाचला तरी त्यावरून पट्टीची कॉपी बनत नाही. तुम्हाला भीती आहे एटीएमच्या फटीची, तिथे कार्ड पाकिटातून बाहेरच काढावं लागतं. मनाला फारच लागलं तर अ‍ॅपमधून टॅप बंद ठेवा, फुकट आहे.

परत आलात की त्याच दिवशी परदेशाची सगळी बटणं बंद करा, पिन बदला, आणि बँकेला सांगून ते कार्ड बदलूनच घ्या, नवीन नंबरचं. शे-दोनशे रुपये लागतील पण जुन्या पट्टीची कॉपी कुणाकडे असेल तर ती त्या दिवसापासून मेली. उरलेले पैसे पेन्शनच्या खात्यात परत वळवा.

तुम्ही पुढच्या महिन्यात निघताय, आणि नवीन खात्याचं कार्ड पोस्टाने यायला आठ-दहा दिवस सहज जातात, तेव्हा उद्याच बँकेत जा, दुसरा-चौथा शनिवार सोडून. कार्ड आलं की पिन तयार करून सांगलीतल्याच एटीएममधून एकदा पाचशे रुपये काढून बघा, चाललं की मगच बॅगेत ठेवा. मिस्टरांना सोबत न्या, आणि त्यांना हात आडवा धरायला सांगा.